वाचकांचे प्रश्न : भिन्न धर्मांचे विद्वान आणि शास्त्रांची देवाणघेवाण

भिन्न धर्मांचे विद्वान इतिहासकाळात एकमेकांकडून शास्त्र कसे शिकले, या विषयावर प्रश्न पाठवावेत असे आवाहन मागील अंकात केले होते. सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत शक्य तेथे व्यक्तींची नावे आणि साले दिली आहेत, कारण ‘हिंदूंनी दिले, मुसलमानांनी घेतले, ख्रिस्त्यांनी नेले’ अशा भाषेत बोलू लागलो की कोण कोणाजवळ बसून काय शिकले हे दिसेनासे होते, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे.

प्रश्न : सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत एक वाद नेहमी निघतो. अंक आणि दशमान पद्धत भारतीयांची; अरबांनी ती नेली आणि स्वतःच्या नावावर जगभर खपवली, असे एक स्नेही ठामपणे सांगतात. हे खरे आहे का?
— निवृत्त मुख्याध्यापक, बाळीवेस

उत्तर : आपल्या स्नेह्यांच्या विधानाचा पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. अंक भारतीयांचे आहेत ही गोष्ट अरबी लेखकांनी लपवली नाही. उलट ती त्यांनी वारंवार आणि स्पष्टपणे लिहून ठेवली.

या अंकांचा एक फार जुना परकीय उल्लेख इसवी सन ६६२ चा आहे आणि तो एका ख्रिस्ती धर्मगुरूचा आहे. युफ्रेटिस नदीकाठच्या केनेश्रे येथील मठातल्या सेवेरस सेबोख्त या सिरियाक बिशपाला ग्रीकांच्या विद्यागर्वाचा राग होता. सगळे शास्त्र ग्रीक भाषेतच आहे असे मानणाऱ्यांना उत्तर देताना त्याने भारतीयांचा दाखला दिला, ज्योतिषातील त्यांचे शोध ग्रीकांहूनही सूक्ष्म आहेत असे म्हटले, आणि त्यांची गणना नऊ चिन्हांनी चालते हे नोंदवले. शून्याचा उल्लेख त्याने केलेला नाही. मात्र श्रेय कोणाचे, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

पुढे ७६२ मध्ये खलिफा अल्‌-मन्सूर याने बगदाद वसवले. नगराच्या पायाभरणीचा मुहूर्त काढणाऱ्यांत माशाअल्लाह हा ज्यू ज्योतिषी आणि नौबख्त हा मुळचा झरथुष्ट्री घराण्यातला इराणी ज्योतिषी होता, म्हणजे त्या शहराचा आरंभच अनेक परंपरांच्या लोकांनी मिळून केला. त्यानंतर दहा-बारा वर्षांत सिंधमार्गे आलेल्या एका शिष्टमंडळाबरोबर एक भारतीय विद्वान तेथे गेला. त्याच्याकडे ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील सिद्धान्तग्रंथ होता. (भिल्लमाळचा ब्रह्मगुप्त; त्याचा ब्राह्मस्फुटसिद्धान्त ६२८ चा.) अल्‌-फजारीने त्या ग्रंथाच्या आधारे ग्रहगतीची अरबी कोष्टके रचली आणि ती ‘सिंदहिंद’ या नावाने प्रसिद्ध झाली. नवव्या शतकात अल्‌-ख्वारिझ्मीने भारतीय पद्धतीच्या गणितावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याचे अरबी मूळ आज हाती नाही, पण लॅटिन रूपांतरे आहेत, आणि त्यांच्या आरंभीच भारतीयांच्या नऊ अंकांची पद्धत समजावून सांगण्याचा हेतू व्यक्त केलेला आहे.

साखळी येथे थांबत नाही. उत्तर स्पेनमधील आल्बेल्दा येथील ख्रिस्ती मठात ९७६ मध्ये तयार झालेल्या हस्तलिखितात हे नऊ अंक लिहिलेले आहेत आणि त्यांच्याबरोबर भारतीयांच्या सूक्ष्म बुद्धीची स्तुतीही आहे. पिसा शहरातला लिओनार्दो फिबोनाची उत्तर आफ्रिकेतील बुजिया या बंदरात, जेथे त्याचे वडील जकातीच्या कामावर होते, ही पद्धत शिकला आणि १२०२ च्या आपल्या ग्रंथात त्यानेही त्यांना भारतीयांचे अंक असेच म्हटले. सिरियातला बिशप, बगदादचा मुसलमान गणिती, स्पेनमधले मठवासी आणि इटलीतला व्यापारीपुत्र असे सर्व जण साडेपाचशे वर्षे एकाच देशाचे नाव घेत राहिले. ‘अरबी अंक’ हे नाव नंतर युरोपातच रूढ झाले, कारण तेथील लोकांना ते अरबी ग्रंथांतून मिळाले होते. आपल्या स्नेह्यांना अभिमान वाटतो तो रास्तच आहे; तक्रारीला मात्र आधार नाही.

प्रश्न : मी पूर्व भागात राहते. आमच्या घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठी, शेजारी कानडी आणि उर्दू. बगदाद, स्पेन हे सारे दूरचे आहे. आपल्या परिसरात असे काही घडले आहे का?
— गृहिणी, अशोक चौक परिसर

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर देताना मला विशेष आनंद होतो, कारण आपल्या घरची तेलुगू भाषा त्यात येते आणि सोलापूरचे नावही येते.

कलबुर्गीच्या पुढे सेडम तालुक्यातले मळखेड हे राष्ट्रकूटांची राजधानी होती. तिथल्या अमोघवर्ष राजाच्या काळात, ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या दिगंबर जैन पंडिताने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यापूर्वीचे आपल्याकडचे बहुतेक गणित ज्योतिषग्रंथांच्या अध्यायांत गुंतलेले होते. हा ग्रंथ मात्र केवळ गणिताचा आहे. काही वस्तूंमधून ठरावीक संख्येच्या निवडी किती प्रकारे करता येतील याचे सामान्य सूत्र त्यात आहे. ऋण संख्या ही स्वभावतःच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, हे त्यात स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. शून्याने भागल्यास संख्या बदलत नाही हे त्याचे विधान चुकीचे आहे, तेही सांगितले पाहिजे. ग्रंथाच्या आरंभी तो जिनाला वंदन करतो आणि पूर्वीच्या ज्ञानी मुनींच्या गणितसागरातून आपण थोडेसे सार वेचले आहे असे नम्रपणे म्हणतो.

पुढच्या गोष्टीसाठी आपले घर महत्त्वाचे आहे. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लन या शैव कवीने हा जैन ग्रंथ तेलुगूत आणला. मूळ ग्रंथातल्या उदाहरणांत जिथे जिनमंदिरे आणि जैन पूजा होती, तिथे त्याने शिव आणि शिवपूजा घातली. गणिताची रीत मात्र कायम ठेवली. त्या काळी दक्षिणेत शैव आणि जैन यांच्यात वाद कमी नव्हते. तरीही मल्लनाने जैन आचार्याचे गणित टाकून दिले नाही आणि स्वतःची श्रद्धाही सोडली नाही. तेलुगूतील आरंभीच्या शास्त्रग्रंथांत या पुस्तकाला मानाचे स्थान आहे.

सोलापूरचा संबंध अगदी अलीकडचा आहे. महावीराचार्यांचा ग्रंथ १९१२ मध्ये मद्रासला रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह छापला होता. नंतर हिंदी अनुवादासह त्याची आवृत्ती १९६३ मध्ये निघाली ती आपल्या सोलापुरातून, जीवराज जैन ग्रंथमालेत. हजार वर्षांपूर्वी शेजारच्या मळखेडला लिहिलेले पुस्तक या शहरातून पुन्हा प्रकाशित झाले, हे आपल्या शाळांतील गणिताच्या शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे.

आणखी एक दुवा. महावीराचार्य लिहीत होते त्याच सुमारास, ८५१ मध्ये, अरबी भाषेत लिहिलेल्या एका प्रवासवृत्तात या राष्ट्रकूट राजाची गणना जगातील चार मोठ्या राजांत केली आहे आणि तो अरबांशी स्नेहाने वागतो असे म्हटले आहे. कोकणात चौलच्या बंदरावर मुसलमान व्यापाऱ्यांची वस्ती होती. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्‌-मसूदीने ती पाहिली. अमोघवर्षाचे राज्य जगाकडे पाठ फिरवून बसलेले नव्हते.

प्रश्न : दोन विद्वानांची भाषा वेगळी, लिपी वेगळी, धर्म वेगळा. मग एखादा ग्रंथ प्रत्यक्षात भाषांतरित कसा होत असे? कोणी कोणाला काय सांगायचे?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : सर्व पत्रांतला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे. दोन पद्धती होत्या आणि त्यांत फार मोठा फरक होता.

पहिली हुनैन इब्न इसहाकची. हुनैन (८०९ ते ८७३) हा हीरा या गावचा नेस्टोरियन ख्रिस्ती वैद्य होता. ग्रीक, सिरियाक आणि अरबी या तिन्ही भाषा त्याला उत्तम येत होत्या, त्यामुळे मध्यस्थाची गरज नव्हती. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या ग्रंथांची भाषांतरे त्याने आणि त्याच्या शिष्यांनी केली. ख्रिस्ती वैद्यांसाठी ती बहुधा सिरियाकमध्ये होत आणि बनू मूसा बंधूंसारख्या मुसलमान आश्रयदात्यांसाठी अरबीत. आपल्या कामाचा हिशेब देणारे एक पत्र त्याने लिहून ठेवले आहे, आणि शास्त्रग्रंथाचे संपादन कसे करावे हे ज्याला शिकायचे आहे त्याने ते आजही वाचावे असे मला वाटते. एका ग्रंथाबद्दल तो सांगतो की, विशीत सदोष प्रतीवरून आपण तो भाषांतरित केला होता. चाळिशीपर्यंत अनेक प्रती जमल्या, त्या एकमेकींशी ताडून शुद्ध ग्रीक पाठ सिद्ध केला आणि मग जुने भाषांतर त्याच्याशी मिळवून दुरुस्त केले. गॅलेनचा तर्कशास्त्रावरचा एक ग्रंथ शोधण्यासाठी तो इराकपासून अलेक्झांड्रियापर्यंत फिरला. हाती लागला तो दमास्कसला, आणि तोही जवळपास अर्धाच.

बनू मूसा हे तिघे भाऊ स्वतः गणिती आणि यंत्रशास्त्री होते. भाषांतरकारांना ते महिन्याला ५०० दीनार देत, असे जुन्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. त्यांच्यापैकी मुहम्मदाने हर्रान गावात साबित इब्न कुर्रा या तरुणाला हेरले आणि बगदादला आणले. साबित हा ग्रहनक्षत्रांची उपासना करणाऱ्या साबी पंथाचा होता. मुसलमानाच्या आश्रयाने, ख्रिस्ती हुनैनच्या मुलाने केलेले युक्लिडच्या भूमितीचे भाषांतर या नक्षत्रपूजकाने तपासून शुद्ध केले. तो अखेरपर्यंत आपल्याच पंथात राहिला.

दुसरी पद्धत दोघांनी मिळून करण्याची. स्पेनमधले तोलेदो शहर १०८५ मध्ये ख्रिस्ती राजाच्या हाती आले. तेथे बाराव्या शतकात इब्न सीना या मुसलमान तत्त्वज्ञाचा आत्म्याविषयीचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणताना आवेंदौथ हा ज्यू विद्वान अरबी वाक्य वाचून त्यातला शब्द न्‌ शब्द लोकभाषेत सांगत असे, आणि दोमिनिकुस गुंदिसालिनुस हा ख्रिस्ती धर्माधिकारी तो ऐकून लॅटिनमध्ये लिहीत असे. ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेतच ही रीत सांगितलेली आहे. सुमारे सहाशे वर्षांनी, १७२९ मध्ये, जयपूरच्या सवाई जयसिंग राजाच्या दरबारात नेमके तेच दृश्य दिसते. नसीरुद्दीन तूसीच्या खगोलग्रंथावर अल्‌-बिर्जंदीने लिहिलेल्या टीकेचा एक अध्याय संस्कृतात आणायचा होता. मुहम्मद आबिद अरबीचा अर्थ तोंडी सांगत गेला आणि नयनसुखोपाध्याय तो संस्कृतात लिहीत गेला. मुहम्मद आबिदाचे नाव त्या संस्कृत पोथीने जपून ठेवले आहे.

दोघांच्या पद्धतीत धोका उघड आहे. मूळ भाषा एकालाच येते, अंतिम भाषा दुसऱ्याला. मधल्या बोलीत शास्त्रीय संज्ञा अपुऱ्या पडतात, आणि तेथे झालेली चूक पकडायला तिसरा माणूस नसतो. शास्त्राच्या दृष्टीने हुनैनची रीत निःसंशय श्रेष्ठ. परंतु तीन भाषांवर सारखे प्रभुत्व असलेला माणूस शतकात एखादाच निपजतो, आणि तो निपजेपर्यंत वाट पाहायची नाही असे ज्यांनी ठरवले त्यांना समोर दुसऱ्या धर्माचा माणूस बसवूनच काम करावे लागले.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. हकीम, वैद्य आणि युरोपीय डॉक्टर यांची दख्खनमध्ये कधी खरीखुरी देवाणघेवाण झाली होती काय?
— एक डॉक्टर, बार्शी

उत्तर : झाली होती, आणि तिचा एक उत्तम साक्षीदार अहमदनगरच्या दरबारात येत-जात असे.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याचे घराणे मूळचे ज्यू. सक्तीने ख्रिस्ती झालेले. बुऱ्हाण निजामशाहाशी त्याचा स्नेह होता. ज्या काळात सोलापूरच्या किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही एकमेकींशी झुंजत होत्या, त्याच काळात हा सुलतान ऑर्ताला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवीत असे आणि ऑर्ता त्याला तीच लॅटिनमध्ये शिकवीत असे. ऑर्ताने हे स्वतः लिहिले आहे. गोव्यातल्या मलुपा नावाच्या हिंदू वैद्याचा उल्लेखही त्याच्या ग्रंथात येतो.

हा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. औषधी द्रव्यांवरील संवादांच्या रूपात तो आहे. युरोपातल्या वैद्यांनी मिरी, कापूर, हिंग, दालचिनी ही द्रव्ये ग्रंथांत वाचलेली होती. ऑर्ताने त्यांची झाडे पाहिली, व्यापाऱ्यांना, हकिमांना आणि वैद्यांना विचारले, आणि जेथे ग्रीक किंवा अरबी आचार्यांचे म्हणणे प्रत्यक्षाशी जुळले नाही तेथे ते निर्भयपणे नाकारले. पटकीच्या रोग्याचे त्याने केलेले वर्णन युरोपीय वैद्यकात फार महत्त्वाचे मानतात. १५६७ मध्ये क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारग्रंथ काढला आणि दख्खन-कोकणातले हे ज्ञान सर्व युरोपात पोचले.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण विजापूरचे. मुहम्मद कासिम फरिश्ता आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. निजामशाहीतून तो आदिलशाहीत गेला आणि तेथे त्याने इतिहासाखेरीज ‘दस्तूर-उल्‌-अतिब्बा’ हा फारसी वैद्यकग्रंथही लिहिला. भारतीय वैद्यांची निदानपद्धती, द्रव्ये आणि उपचार फारसी वाचणाऱ्या हकिमांना कळावेत हा त्याचा उद्देश. ग्रीक-अरबी परंपरेत वाढलेल्या माणसाने आयुर्वेद अभ्यासून तो आपल्या व्यवसायबंधूंना समजावून द्यावा, ही घटना सोलापूरहून शंभर किलोमीटरवर घडली आणि आपल्याकडे तिची चर्चा जवळपास होतच नाही.

केरळातल्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या महाग्रंथाबद्दलही काही पत्रलेखकांनी विचारले आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला निघालेल्या त्याच्या १२ खंडांत सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आहेत. आखणी डच प्रॉटेस्टंट अधिकारी व्हान रेडे याची, आरंभीची मदत मातेउस या कॅथलिक साधूची, झाडांची माहिती इट्टी अच्युतन या ईळव वैद्याची, आणि पडताळणीत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचा हात. या तिघांनी दिलेले कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. इट्टी अच्युतनाच्या जातीला त्या समाजात काय वागणूक मिळत होती हे लक्षात घेतले, म्हणजे त्याचे नाव ब्राह्मण पंडितांच्या बरोबरीने छापले जाणे किती मोठी गोष्ट होती ते उमगते.

प्रश्न : आपण हे सर्व फार गोड करून सांगत आहात असे वाटत नाही का? मूर्तिभंजन झाले, धर्मच्छळ झाला. ज्यांनी गझनीच्या महमुदाबरोबर येऊन ग्रंथ लिहिले त्यांना देवाणघेवाण करणारे म्हणावे काय?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : आपला रोख अल्‌-बिरुनीवर आहे. आपला आक्षेप मी गंभीरपणे घेतो, आणि त्याचे उत्तर बिरुनीच्याच लेखनातून देतो.

बिरुनी (९७३ ते १०४८) ख्वारिझमचा. महमुदाने १०१७ मध्ये त्याचा देश जिंकला आणि त्याला गझनीला नेले. म्हणजे तो स्वतः जिंकला गेलेला माणूस होता. १०३० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या आपल्या भारतविषयक ग्रंथात त्याने लिहिले आहे की, महमुदाने या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली, आणि त्यामुळेच हिंदूंची शास्त्रे आपले हात पोचत नाहीत अशा काश्मीर, बनारससारख्या ठिकाणी निघून गेली. महमुदाच्या मुलाच्या राज्यात राहून हे लिहिणे सोपे नव्हते.

संस्कृत शिकताना आलेल्या अडचणींबद्दल तो तक्रार करतो. हिंदू पंडित आपल्यापलीकडे शास्त्र आहे हे मानायलाच तयार नसतात, असे तो चिडून म्हणतो. तो लिहितो की, आरंभी मी त्यांच्यापुढे शिष्य म्हणून उभा राहिलो. पुढे गणिताची प्रमाणे दाखवू लागलो तेव्हा ते आश्चर्याने विचारू लागले की, हे तुम्ही कोणत्या हिंदू गुरूकडून शिकलात. त्याच ठिकाणी तो वराहमिहिराचे वचन मुद्दाम उद्धृत करतो. यवन (म्हणजे ग्रीक) हे म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात चांगले प्रतिष्ठित आहे, म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, अशा अर्थाचे ते वचन आहे. तुमचे पूर्वज तुमच्याइतके संकुचित नव्हते, हे बिरुनीला म्हणायचे होते, आणि ते तो हिंदूंच्याच आचार्याच्या तोंडून म्हणवून घेतो. त्याने पतंजलीचा योग अरबीत नेला. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ हिंदूंसाठी संस्कृतात आणण्याचे काम आपण करीत आहोत, असेही तो सांगतो. जो घेतो आणि तेवढ्याच तळमळीने द्यायलाही बसतो, त्याला मी देवाणघेवाण करणाराच म्हणेन.

धर्मच्छळाबाबत आपण म्हणता ते खरे आहे. ज्या गार्सिया द ऑर्ताची हकिकत वर दिली, त्याच्या बहिणीला, कातारीनाला, १५६९ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले. ऑर्ता त्यापूर्वीच वारला होता. १५८० मध्ये त्याचे अवशेष थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आले. त्याचा ग्रंथ युरोपातल्या वैद्यांच्या हातात फिरत असताना हे घडले. विद्वानांमधले स्नेह धर्मसत्तेपुढे दुबळे होते, ही गोष्ट झाकून या विषयावर काहीही लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

शास्त्राच्या आतही झगडे होते, आणि त्यांत मराठी घराणी पुढे होती. शाहजहानच्या दरबारातल्या फारसी कोष्टकांचा संस्कृत अनुवाद करणाऱ्या नित्यानंदाला यवनांचे, म्हणजे येथे मुसलमानांचे, गणित स्वीकारण्याचे समर्थन द्यावे लागले. ते त्याने असे दिले की, सूर्य भगवानच शापामुळे रोमक नगरात यवन म्हणून जन्मला आणि त्याने हे शास्त्र सांगितले. आज आपल्याला हे विचित्र वाटेल, पण बाहेरचे अचूक गणित घरात घेण्यासाठी त्याने शोधलेला तो सन्मानाचा मार्ग होता. काशीत गोदावरीकाठच्या गोळग्रामच्या घराण्यातला कमलाकर आणि विदर्भातून गेलेल्या घराण्यातला मुनीश्वर यांच्यात याच प्रश्नावरून पिढीजात वैर होते. मुनीश्वर यवनमताचा विरोधक. कमलाकराने मात्र १६५८ च्या ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ ग्रंथात समरकंदच्या उलुगबेग या ज्योतिर्विद सुलतानाचे नाव घेऊन त्याचा आधार घेतला. याच गोळग्रामच्या घराण्यातला दिवाकर हा नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा शिष्य, आणि गणेश दैवज्ञाच्या १५२० च्या ‘ग्रहलाघवा’वरून महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे होत आली. एकाच शिष्यपरंपरेत जुने जपण्याचा आणि नवे घेण्याचा असे दोन्ही प्रवाह होते.

प्रश्न : फिरोजशाहाने वेधशाळा बांधली असे ऐकले आहे. तो दिल्लीचा की आपल्याकडचा?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : दोघांची गल्लत होते. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाने महेंद्रसूरी या जैन मुनीने १३७० मध्ये ‘यंत्रराज’ हा ॲस्ट्रोलेब या ताऱ्यांचे वेध घेण्याच्या यंत्रावरचा पहिला संस्कृत ग्रंथ लिहिला. कलबुर्गीच्या फिरोजशाह बहमनीने त्यानंतर, १४०७ च्या सुमारास, दौलताबादजवळच्या घाटात वेधशाळेचे काम सुरू केले होते. पण ज्याच्यावर ते सोपवले होते तो हकीम हसन गिलानी वारला आणि काम अर्धवट राहिले, असे फरिश्ता सांगतो.

प्रश्न : सवाई जयसिंगाने युरोपातून पाद्री आणि ग्रंथ मागवले होते. मग कोपर्निकसचा सिद्धान्त त्याच वेळी भारतात का रुजला नाही? जयसिंग परंपरेत अडकला होता का?
— निवृत्त अभियंता, होटगी रोड

उत्तर : केवळ जयसिंगाला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याने जे करता येईल ते केले. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी येथे वेधशाळा उभारल्या. जगन्नाथ सम्राटाकडून युक्लिड आणि टॉलेमी अरबीवरून संस्कृतात आणवले. फादर फिगेरेदो या जेझुइट पंथाच्या कॅथलिक पाद्र्याबरोबर आपली माणसे लिस्बनला पाठवली. ते १७३० च्या सुमारास फ्रेंच ज्योतिर्विद द ला हीर याची कोष्टके घेऊन परतले. १७३४ मध्ये चंद्रनगरहून आणखी दोन फ्रेंच जेझुइट जयपूरला आले. एका हिंदू राजाने मुसलमान बादशहाच्या नावे फारसी कोष्टके करावीत आणि त्यांसाठी कॅथलिक पाद्र्यांची मदत घ्यावी, याहून मोकळे मन ते कोणते?

आलेली कोष्टके त्याने विश्वासावर स्वीकारली नाहीत. आपल्या दगडी यंत्रांवर चंद्राचे वेध घेऊन ताडून पाहिली, तेव्हा सुमारे अर्ध्या अंशाचा फरक आढळला, आणि मुहम्मदशाहाच्या नावे केलेल्या कोष्टकांच्या प्रस्तावनेत तो त्याने नोंदवला. ही शुद्ध शास्त्राची रीत आहे. परंतु पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे प्रतिपादणाऱ्या ग्रंथांवर कॅथलिक चर्चची सर्वसाधारण बंदी १७५८ पर्यंत होती, आणि जयसिंगाच्या दारी आलेले विद्वान त्याच चर्चचे साधू होते. देणाऱ्यालाच जे उघडपणे शिकवायला मोकळीक नाही ते घेणाऱ्याला कसे मिळणार? लंडनच्या किंवा हॉलंडच्या खगोलज्ञांशी त्याची गाठ पडली असती तर काय झाले असते, हा विचार मनात येतोच. त्याच्या बाजूची मर्यादाही खरी आहे. दुर्बिणीची त्याला माहिती होती, तरी त्याचा भर अखेरपर्यंत विशाल दगडी यंत्रांवर राहिला. आणि १७४३ मध्ये तो वारल्यावर त्याचे काम पुढे नेणारे कोणी उरले नाही.

कोपर्निकसचे मत मराठीत सविस्तर मांडले गेले ते जवळपास शंभर वर्षांनी. भोपाळजवळच्या सिहोर येथे लॅन्सेलॉट विल्किन्सन हा इंग्रज अधिकारी संस्कृत पाठशाळेत भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यावर भर देत होता. पृथ्वी सपाट नाही हे पटवायचे असेल तर आधी भास्कराचार्य वाचावेत, आणि मग पुढच्या पायरीवर कोपर्निकसकडे जावे, असा त्याचा क्रम होता. त्याच्या सहवासातले सुबाजी बापू हे मराठी शास्त्री या क्रमाने स्वतः गेले आणि १८३६ च्या सुमारास त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक लिहून पुराणे, सिद्धान्तग्रंथ आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना केली.